अलीपूरचं राष्ट्रीय ग्रंथालय: मराठी वाचकानं आत शिरावं असं ठिकाण

कोलकात्याला आलेला मराठी माणूस व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, बेलूर मठ करतो, मुलं बरोबर असतील तर अलीपूरचं प्राणिसंग्रहालयही बघतो. तिथून हाकेच्या अंतरावर बेल्व्हेडेअरचं, म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालयाच्या आवाराचं, फाटक आहे. मी म्हणेन, अर्धा दिवस तिथं द्याच.

आवारातला पांढरा वाडा पूर्वी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचं निवासस्थान होता. ग्रंथालय मात्र त्याहून वेगळ्या वाटेनं इथं आलं. 1836 साली कलकत्ता पब्लिक लायब्ररी निघाली. फोर्ट विल्यम कॉलेजची 4,675 पुस्तकं तिला मिळाली. 1903 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननं तिला सामावून घेत स्ट्रँड रोडवरच्या मेटकाफ हॉलमध्ये इम्पीरियल लायब्ररी लोकांसाठी उघडली. 1948 मध्ये तिचं नाव बदलून राष्ट्रीय ग्रंथालय झालं आणि 1 फेब्रुवारी 1953 रोजी मौलाना आझादांनी बेल्व्हेडेअरमध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. आता वाचकांची ये-जा असते ती शेजारच्या भाषा भवनात.

मला सगळ्यात जास्त ओढ यदुनाथ सरकारांच्या संग्रहाची. मुघल आणि मराठा इतिहासावर आयुष्य घातलेला हा बंगाली इतिहासकार रियासतकार सरदेसायांचा जिवलग मित्र. त्यांची पुस्तकं इथं आहेत, हे आपल्याकडच्या अभ्यासकांनी पक्कं लक्षात ठेवावं. बंगालचे शिक्षणतज्ज्ञ आशुतोष मुखर्जी यांचा सुमारे 80,000 ग्रंथांचा संग्रहही इथलाच.

वाचायला बसायचं तर सरकारी ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि फोटो जवळ ठेवा. कपाटांत स्वतः हात घालता येत नाही. मागणीपत्र भरून पुस्तक मागवावं लागतं. अडतं ते इथंच. नुसतं नाव सांगून भागत नाही, सूचीतला क्रमांक लागतो. रोमन लिपीत शोधताना मराठी नाव दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, ळ आणि ण हमखास घोळ घालतात. लेखकाचं आडनाव आणि प्रकाशनवर्ष घरूनच टिपून न्या. जुना कागद घडीवर तुटतो, तेव्हा पान हळू उलटा आणि मजकूर वहीत उतरवून घ्यायची तयारी ठेवा.

एखादं मराठी पुस्तक तिथं सापडलंच नाही तर दोष बहुधा आपल्याकडचा. 1954 च्या कायद्यानं प्रकाशकानं स्वखर्चानं, प्रकाशनापासून 30 दिवसांत, एक प्रत इथं आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. कोलकात्याची प्रत सर्वोत्तम कागदावरची, नकाशे-चित्रांसह, बांधलेली हवी. न दिल्यास दंड 50 रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाला कोण भितो! छोट्या गावातून स्वतःच पुस्तक छापणाऱ्यांना तर हा कायदा ठाऊकच नसतो. त्यांनी प्रत पाठवावी आणि लेखी पोच मागून घ्यावी. ती देणं ग्रंथालयाला बंधनकारक आहे. काहीही न बदलता काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा प्रत लागत नाही, पहिली दिलेली असली म्हणजे झालं.