जुने बोलपट कानांनी : 'अयोध्येचा राजा' ते 'माणूस'

मंडळी, जुने बोलपट फक्त आवाजासाठी ऐकायची मोहीम 'माणूस'पर्यंत पोचली. म्हणजे १९३२ ते १९३९ हा टप्पा झाला. पद्धत तीच. सिनेमा आधी नेहमीसारखा पाहायचा, मग हेडफोन लावून डोळे मिटून ऐकायचा आणि वहीत एवढंच टिपायचं की हा आवाज पडद्यावरच्या कशातून येतोय. गिरगावात खिडकीखालची वर्दळ थांबायला रात्रीचे अकरा वाजतात, त्यामुळे ऐकणं होतं ते त्यानंतरच.

खरी सुरुवात आपल्या पहिल्या बोलपटापासून, 'आलम आरा'पासून व्हायला हवी होती. १४ मार्च १९३१ ला तो आमच्याच गिरगावात, मॅजेस्टिक सिनेमाला लागला. आज त्याची एकही प्रत कुठे नाही आणि जिथे तो लागला तिथे आता मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. चित्रण कसं झालं ते मात्र ठाऊक आहे. केनेडी ब्रिजजवळच्या स्टुडिओशेजारून रेल्वे जायची. आवाज आणि चित्र एकाच वेळी एकाच फिल्मवर उमटायचं, त्यामुळे गाडीचा खडखडाट आत शिरला की तो नंतर काढता येत नसे. म्हणून दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी बरंचसं काम गाड्या थांबल्यावर, रात्री केलं. मायक्रोफोन लपवायचे, वादकही कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवायचे. हे डोक्यात ठेवून पुढचे बोलपट ऐका, फार फरक पडतो.

'अयोध्येचा राजा' (१९३२) प्रभात फिल्म कंपनीचा, कोल्हापुरातला. इथे गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे स्वतः गातात. पार्श्वगायन आपल्याकडे आलं ते १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून, त्यामुळे या गाण्यांत श्वास, ठेहराव, शब्दाची फेक सगळं त्या क्षणाचं आहे. 'बाळा का झोप येईना' नुसतं ऐकलं तरी अंगाई म्हणणारी बाई डोळ्यांसमोर उभी राहते. माझं मत स्पष्ट आहे : या सिनेमाची चित्रचौकट आज जुनी वाटते, आवाज वाटत नाही.

'संत तुकाराम' (१९३६) बद्दल सगळे अभंगांविषयी बोलतात आणि ते रास्तच आहे. सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून जास्त चालला. 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांचं, पण भल्याभल्यांना ते तुकोबांचंच वाटलं. डोळे मिटल्यावर मला मात्र जिंकलं आवलीने, म्हणजे तुकोबांच्या बायकोने; ते काम गौरी या नटीचं. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा आवाज संथ, एका लयीत वाहणारा. त्यावर आवलीचं ते करवादणं, घर चालवणाऱ्या बाईचा खडा आवाज. आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन ती देवळात शिरते तेव्हा विठोबाला जाब विचारणारा आवाज तिचा एकटीचा आहे, आणि तो कुठल्याही अभंगाइतकाच भक्तीचा आहे. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी दोघांनाही कमी केलेलं नाही.

आता 'कुंकू' (१९३७). यावर वहीची सगळ्यात जास्त पानं भरली. व्ही. शांतारामांनी यात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या गल्लीतलं. संगीतसुद्धा ग्रामोफोनसारख्या, पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूतून येतं. थोराड वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, आणि समोर केशवराव दाते. प्रसंग ताणला जातो तेव्हा आपल्या मदतीला व्हायोलिन येत नाही, आपण त्या खोलीत त्या दोघांबरोबर अडकतो. नीराची घुसमट त्यामुळे सांगावी लागत नाही. रस्त्यावरचं पोर 'मन सुद्ध तुझं' गात येतं, तेव्हा बाहेर जग आहे याचा दिलासा वाटतो, तोही आधीच्या शांततेमुळेच. आजच्या कुठल्याही दिग्दर्शकाने हा सिनेमा एकदा डोळे मिटून ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

'माणूस' अजून एकदा ऐकायचाय. 'कशाला उद्याची बात' मधली वेगवेगळ्या भाषांतली कडवी आणि शांता हुबळीकरांनी प्रत्येक भाषेला दिलेला वेगळा ढंग यावर स्वतंत्र लिहीन. मास्टर कृष्णरावांची चाल आहे, घाईत उरकण्यासारखी नाही.

मध्येच मालाडला वळलो होतो, तिथल्या बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'साठी (१९३६). नायिका रेल्वे फाटकावरच्या माणसाची मुलगी, आणि शेवटी गाडी थांबवायला धावते तीही तीच. 'आलम आरा'ने जिच्यापासून रात्रीचा आडोसा घेतला, ती रेल्वे पाचच वर्षांत मुंबईच्या बोलपटात गोष्टीच्या मध्यभागी आली. हे वहीत लिहिताना मला फार आनंद झाला.

ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना : खरखर कमी करणारं सेटिंग बंद ठेवा. ते खरखरीबरोबर 'स', 'श', 'च' खातं, आणि जुन्या नटांचे उच्चार तिथेच कळतात. आवाज थोडा मोठा ठेवा, काही मिनिटांत कान खरखर बाजूला सारतात.

पुढे 'शेजारी' (१९४१). धरण फुटण्याचा प्रसंग आहे, त्यासाठी बरा हेडफोन मागून आणलाय. कुणाकडे त्या बोलपटाची गाण्यांची पुस्तिका असेल तर फक्त पानांचे फोटो पाठवा, शब्द ताडून पाहायचे आहेत.