लॉटरीच्या पैशावर शाळा चालतात का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘पॉवरबॉल’ या अमेरिकेतल्या लॉटरीचं २०४ कोटी डॉलरचं बक्षीस लागलं. लॉटरीत एवढी मोठी रक्कम त्याआधी जगात कुठेच लागली नव्हती. तिकीट विकलं गेलं होतं आमच्या कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या आल्टाडीनातल्या एका पेट्रोल पंपावर. पंपमालकाला बोनस म्हणून दहा लाख डॉलर मिळाले. राज्य लॉटरीने लगेच आणखी एक आकडा जाहीर केला: या बक्षिसाच्या निमित्ताने झालेल्या तिकीटविक्रीतून सरकारी शाळांना अंदाजे १५ कोटी ६३ लाख डॉलर मिळणार.

दोन दिवसांनी नाशिकहून मामांचा फोन. “बरं आहे की तुमच्याकडे! लोक नशीब आजमावतात आणि पोरांच्या शाळा चालतात. आपल्याकडे सुचायला हवं होतं हे कुणाला तरी.”

मामांना तेव्हा फोनवर घाईत जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत साधारण ५८ लाख मुलं शिकतात. ती १५ कोटींची रक्कम सगळीच्या सगळी या मुलांत वाटली, तरी एकेकाच्या वाट्याला सत्तावीस डॉलर येतात. जगातल्या सर्वांत मोठ्या बक्षिसातून एवढंच! वर्षभराच्या सगळ्या खेळांचा मिळून हिशेब केला, तर दर मुलामागे अडीचशे डॉलरच्या आसपास मिळतात. एका मुलावर सगळीकडून मिळून वर्षाला वीस हजार डॉलरहून अधिक खर्च होतो. म्हणजे लॉटरीचा वाटा शंभरात जेमतेम एक.

मग बाकीचा पैसा कुठून येतो? राज्याच्या तिजोरीतून आणि स्थानिक घरपट्टीतून, थोडा केंद्राकडून. पूर्वी शाळांची भिस्त मुख्यतः घरपट्टीवर असे. जून १९७८ मध्ये इथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव थेट मतदानाने मंजूर केला आणि घरपट्टी घराच्या मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकली. घर विकलं जात नाही तोवर ते मूल्यही वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. घरमालकांना हायसं वाटलं, शाळांच्या उत्पन्नाला मात्र मोठा फटका बसला. सहा वर्षांनी, १९८४ साली, लॉटरीचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. प्रचाराला पैसा पुरवण्यात लॉटरीची तिकिटं छापणारी कंपनी पुढे होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर १९८५ मध्ये विक्री सुरू झाली. ‘आमच्या शाळाही जिंकतात’ अशा अर्थाची घोषणा सुरुवातीच्या जाहिरातींत असायची, आणि ती लोकांच्या मनात घट्ट बसली.

कायद्यात एक चांगलं कलम आहे. लॉटरीचा पैसा शाळांच्या नेहमीच्या निधीत भर म्हणून यावा, त्या निधीच्या जागी नाही. पण व्यवहारात हे पाहायचं कसं? लॉटरी नसती तर सरकारने शाळांना किती दिलं असतं, हे कुणाला सिद्ध करता येत नाही. एका हाताने शंभर डॉलर द्यायचे आणि दुसऱ्या हाताने वाढ थोडी कमी करायची, हे कुठल्याही राज्यात, कुठल्याही पक्षाला सहज जमतं.

आमच्या भागातल्या शाळा मंडळाची अंदाजपत्रकाची बैठक संध्याकाळी असते, कुणालाही जाऊन बसता येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा हातात भलामोठा छापील तक्ता मिळाला. लॉटरीच्या त्यात दोनच ओळी. ‘११००’ या सांकेतिक क्रमांकाखालचा पैसा शिक्षणासाठी जसा हवा तसा वापरता येतो. ‘६३००’ खालचा फक्त पुस्तकं आणि शैक्षणिक साहित्यावर, कारण २००० साली मतदारांनी तशी अट घातली. जमीन घ्यायला किंवा इमारत बांधायला लॉटरीचा पैसा चालतच नाही. पगाराच्या ओळींवरून नजर फिरवल्यावर या दोन ओळी शोधाव्या लागतात.

आणि याच शाळेतून ऑगस्टमध्ये पालकांना यादी येते: टिश्यूचे खोके, व्हाइटबोर्डचे मार्कर, कागदाची रिमं. पालकांची संस्था वर्गणी गोळा करते, त्यावर ग्रंथपालाचे तास ठरतात. शिक्षक स्वतःच्या खिशातून वर्गासाठी इतकं सामान आणतात, की आयकरात त्यासाठी वजावट ठेवलेली आहे.

मला सर्वांत जास्त त्रास झाला तो पार्सल टॅक्सच्या प्रचारात. शाळांसाठी दर मालमत्तेमागे ठरावीक रक्कम, असा हा स्थानिक कर. शाळा मंडळाने मांडला तर मंजुरीला दोन तृतीयांश मतं लागतात. मला इथे मताचा अधिकार नाही, पण मुलगी याच शाळेत शिकते, म्हणून इतर पालकांबरोबर मीही दारोदार फिरले. दार उघडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी एकच प्रश्न विचारला: “लॉटरीचे एवढे पैसे जातात कुठे?” एक निवृत्त आजोबा पत्रक परत देत म्हणाले, “मी दर आठवड्याला तिकीट घेतो. माझा वाटा मी भरतो.” ते मनापासून बोलत होते. तिकिटाच्या एका डॉलरमधला पाव डॉलरसुद्धा शाळेपर्यंत पोहोचत नाही, मोठा भाग बक्षिसांतच जातो, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पैसा थोडाच असतो याचं मला तितकं वाईट वाटत नाही. या थोड्या पैशामुळे शाळांची सोय झालीच आहे असा समज पसरतो, याचं वाटतं. आमचा प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला.

तिकिटं घेतं कोण, तेही बघायला हवं. उत्पन्नाच्या मानाने पाहिलं तर लॉटरीचा भार गरिबांवरच जास्त पडतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात रात्रपाळी संपवून आलेली माणसं काउंटरवरच नाण्याने तिकीट खरवडतात. शाळेसाठी पैसा उभा करायचा, तर तो यांच्याकडून असा घ्यावा हे मला पटत नाही.

जॉर्जियाचं उदाहरण वेगळं आहे, आणि ते सांगायलाच हवं. तिथे १९९३ मध्ये गव्हर्नर झेल मिलर यांनी लॉटरी सुरू केली, ती ठरावीक आणि नव्या कामांसाठी: चांगले गुण मिळवणाऱ्यांना ‘होप’ शिष्यवृत्ती आणि चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवर्ग. १९९५ पासून तो बालवर्ग उत्पन्नाची अट न घालता सर्वांना खुला झाला. पैसा कुठे गेला ते तिथे डोळ्यांना दिसतं. तरी खर्च लॉटरीच्या उत्पन्नापुढे धावू लागला तेव्हा, २०११ साली, शिष्यवृत्तीला कात्री लावावी लागली. शिवाय गुणांवर दिलेली शिष्यवृत्ती सुस्थितीतल्या घरांकडे जास्त जाते, तिकिटांचा पैसा मात्र तिथूनच आलेला नसतो.

तर मामा, लॉटरी आपल्याकडेही आहे, महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. आणि घरपट्टीच्या बिलात तुम्ही ‘शिक्षण कर’ भरता, त्यावर कुरकुरताही. तो रुक्ष कर मला लॉटरीपेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो, फक्त तो शाळेवरच खर्च होतो ना हे विचारत राहा.

इथे पार्सल टॅक्स पुन्हा मांडायचं ठरतंय. या वेळचं पत्रक आम्ही इंग्रजीबरोबर स्पॅनिश, चिनी आणि हिंदीतही काढणार आहोत. पहिल्या पानावर दुसरं काही नाही, फक्त शंभर डॉलरचा हिशेब: लॉटरीतून किती, राज्याकडून किती, घरपट्टीतून किती.