रोबोटशी माझं काय वाकडं आहे?

पालकसभेत विचारतात, प्रशिक्षणात विचारतात, हिंजवडीत नोकरीला असलेला भाचा तर दर दिवाळीला विचारतो: गणिताच्या तासाला रोबोट म्हटलं की तुम्ही प्राथमिकच्या बाया नाकं का मुरडता? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सांगून टाकते.

वाकडं काही नाही. फरशीवर चालणारा तो छोटा रोबोट मला आवडतोसुद्धा. एकदा बटण दाबलं की पंधरा सेंटिमीटर पुढे, वळला तर काटकोनातच. शहाबादी फरशीचे चौकोन त्याला जुळत नाहीत, म्हणून खडूने जाळी मी आखते. 

पण तो प्रात्यक्षिकाचा दिवस. पाहुणे आलेले, फोटो चाललेले. तिसरीतली एक मुलगी पुढे आली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी. रोबोट तीन आकड्याच्या घरावर, न्यायचा सातच्या घरावर. तिने प्रत्येक घरावर बोट टेकवत मोजलं: तीन, चार, पाच, सहा, सात. पाच घरं. बटण पाचदा दाबलं. रोबोट आठवर जाऊन थांबला. ती रागावली नाही, रडली नाही. वाकून तिने पुन्हा तीनवर बोट ठेवलं आणि तिथेच अडली. उभं आहोत ते घर मोजायचं की नाही? अख्खी संख्यारेषा त्या बोटाखाली होती. तेवढ्यात प्रशिक्षक आला, आधीच्या सूचना पुसल्या, स्वतः चारदा बटण दाबलं. “बघा, सात!” टाळ्या. ती जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी खडूच्या रेषेवर तेच विचारलं, तर तिने माझ्याकडे बघितलं. उत्तर बाई देतील म्हणून.

गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकाला सूचना देण्याची भाषा तयार केली. पेपर्टचं म्हणणं हे, की मुलाने यंत्राला शिकवावं. आमच्याकडे प्रशिक्षक यंत्राला शिकवतो आणि मूल टाळ्या वाजवतं.

रोबोट पहिल्यांदा आले तेव्हा मुख्याध्यापकांच्या मागे मीच लागले होते. ती तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, दोष माणसाचा, यंत्रावर कशाला? शिवाय वहीत तिने पाच लिहिलं असतं, लाल फुली मिळाली असती, विषय संपला असता. आठवर उभ्या रोबोटमुळेच ती मोजते कशी ते दिसलं. खरंय. पण यंत्राबरोबर पाहुणे, फोटो, घाई हे सगळं येतंच ना? ते वेगळं काढून कोण देतं?

आणि हो, भीतीही वाटते. चार्जिंग संपलं, तो हललाच नाही, तर भरल्या वर्गासमोर माझं काय? खडू कधी असा दगा देत नाही.

पुढच्या प्रात्यक्षिकाला प्रशिक्षकांनी दाराबाहेर थांबावं, असं मी लेखी दिलंय. बाईंना रोबोट नको आहेत, असा त्याचा अर्थ लावला गेलाय.