तुम्ही विचारलंत म्हणून: एमए, बीएड होऊन परत डीएड कशाला?

मंगळवार पेठेतल्या काकू विचारतात, लग्नात भेटलेले मामा विचारतात, बीएडच्या ग्रुपवरच्या मैत्रिणी हसणारी इमोजी लावून विचारतात. "अगं, एमए झालीस, बीएड झालीस, आणि आता परत खाली डीएडला?" डीएड म्हणजे प्राथमिक शिक्षकांची दोन वर्षांची पदविका. आता त्याला डीएलएड म्हणतात, पण कोल्हापुरात ते डीएडच. दरवेळी मी "असंच" म्हणून विषय बदलते. आज नीट सांगते.

पहिला राग त्या "खाली"चा. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला रुपयाचा दंड लावला, तिथंच पहिलीची बाई म्हणजे पायरी उतरलेली बाई. आणि ही पायरी केवढी? शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीच्या मानधनावरच्या नेमणुकीत, प्राथमिकला महिन्याला 16,000, माध्यमिकला 18,000. सगळा मान-अपमान त्या दोन हजारांत.

आता तो न्यायालयाचा निकाल. शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेनं, एनसीटीईने, 28 जून 2018 ला अधिसूचना काढून बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडलं. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायचा, एवढीच अट. त्या दारावर विसंबून मी सीटीईटीचा, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिली ते पाचवीसाठीचा पहिला पेपर काढला, 2023 च्या फेब्रुवारीत टेट, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, दिली. गुण चांगले पडले. आणि 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचनाच रद्द केली. बीएडचं प्रशिक्षण मोठ्या मुलांना शिकवण्यासाठी असतं आणि चांगलं प्राथमिक शिक्षण हा मुलांचा हक्क आहे, असा त्याचा सारांश. आधीच नोकरीत असलेले पुढं वाचले. आम्ही दारात होतो, दारातच राहिलो. त्या आठवड्यात मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं होतं की पाच वर्षं खेळ मांडून मध्येच पट गुंडाळणं हा अन्याय आहे. आजही एक अक्षर मागं घेणार नाही. नियम बरोबर असेल, पण तो माझ्यावर ज्या तऱ्हेनं आला ती तऱ्हा बरोबर नव्हती.

आता जे मी कुणाला सांगत नाही ते.

अभ्यासिकेत माझ्याशेजारी एक मुलगी बसायची, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, डीएड झालेली. टेटच्या 200 प्रश्नांना 120 मिनिटं मिळतात. तिचं बुद्धिमत्तेत घोडं अडायचं. आकृत्या, बैठक व्यवस्था, नातेसंबंध, सगळं मी तिला घासून घेतलं. निकालात ती माझ्या बरीच मागं होती. 2024 च्या फेब्रुवारीत पवित्र पोर्टलवर, शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, जाहिराती आल्या. मी चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर प्राधान्यक्रम उघडला, तर पहिली ते पाचवीचा गट माझ्या यादीत नव्हताच. वरच्या गटांत माझा विषय इतिहास. जागा थोड्या आणि माझ्यापुढं रांग. माझं नाव कुठंच लागलं नाही. तिचा फोन आला. "ताई, चंदगड मिळालं! पहिला फोन तुम्हालाच केलो बघा." मी अभिनंदन केलं, आईला हाक मारून सांगितलं, पेढे कधी तेही विचारलं. मग गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे परत एकदा झटकून वाळत घातले.

जुलैत तिनं फारच आग्रह केला म्हणून गेले. गडहिंग्लजमार्गे एसटी, बाहेर तो चंदगडचा पाऊस. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी एका खोलीत तिच्याकडं. मी मागं बसले. खरं सांगू? चुका शोधायला बसले होते. बीएडला सराव पाठांचं निरीक्षण करून सवय होतीच: प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन. तिच्या फळ्यावर धड तारीखही नव्हती.

दुसरीतल्या एका पोराला तिनं पंचवीस लिहायला सांगितलं. त्यानं पाटीवर 52 लिहिले. माझ्या तोंडावर आलंच होतं, "आधी दोन, मग पाच". ती काही बोलली नाही. "तेवढ्या काड्या आण," म्हणाली आणि पहिलीच्या ओळीकडं वळली. कोपऱ्यात खराट्याच्या काड्या होत्या, दहादहाचे गठ्ठे दोऱ्यानं बांधलेले, बाकी सुट्या. पोरानं दोन गठ्ठे आणि पाच सुट्या आणून मांडल्या. अगदी बरोबर. "आता पाटीवर लिहिलंयस तेवढ्या आण." तो गठ्ठे उचलायला लागला, तिसऱ्या गठ्ठ्याला थांबला, पाटीकडं बघितलं, हसला आणि बाहीनं पाटी पुसली. तोवर ही पहिलीच्या पोरीच्या बोटांत खडू नीट धरवत होती. त्याच्याकडं बघतही नव्हती.

पोराला पंचवीस कळत होते. आपण उच्चारतो पाच आधी आणि लिहितो वीस आधी, तेवढ्यात तो अडकला होता. 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं टिंगल केली होती. त्यात मीही होते.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, हे कुठं शिकलीस? "डीएडला की. आम्हाला तेवढंच शिकवतात ताई, तुमच्यासारखं मोठं काय नाही." तिच्या मनात टोचायचं नव्हतं. मला टोचलं.

परतीच्या एसटीत मी स्वतःशी भांडत होते. काड्यांची युक्ती सहा महिन्यांच्या सेतू अभ्यासक्रमातही शिकता येते, त्यासाठी दोन वर्षं कशाला? एका पाटीवरून न्यायनिवाडा होत नाही. शिवाय बीएडवाल्या कित्येक जणी पहिलीला उत्तम शिकवतात, मी पाहिल्यात. हे सगळं खरं. आणि तिच्या जागी मी असते तर त्या पोराकडून उजळणी घोकून घेतली असती, हेही खरं.

पुढच्या महिन्यात प्रवेशाच्या उरलेल्या फेरीत अर्ज भरला. चंदगडला डोळे उघडले म्हणून गेले, असं लिहिलं तर छान दिसेल. पण टेटचे गुण चांगले पडतात आणि पहिली ते पाचवीला जागा जास्त निघतात, हा हिशेब आधी केला होता. किती वाटा काड्यांचा आणि किती हिशेबाचा, ते रोज बदलतं.

पहिल्या दिवशी वर्गात गेले तर बारावी झालेल्या पोरी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणून उठून उभ्या राहिल्या. आता मला दीदी म्हणतात आणि माझ्याकडून फाइली सजवून घेतात. फाइली इथंही आहेतच. पाठटाचणाची समासरेषा लालच हवी म्हणून वही परत करणारे इथंही भेटतात. त्यामुळं डीएड म्हणजे सगळं सोनं, असं माझ्या तोंडी घालू नका.

गंमत म्हणजे जे मामा सगळ्यात जास्त विचारायचे ते स्वतः जिल्हा परिषदेत वीसेक वर्षं गुरुजी. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानं नोकरीत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायला सांगितलं. आता ते माझ्याकडून बालमानसशास्त्राच्या नोट्स नेतात. प्रश्न विचारायचे थांबलेत मात्र असं नाही. परवाच म्हणाले, "एवढं केल्यावर आणखी काय करायला लागणार न्हाई ना?" मी म्हटलं, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बीएड हीच किमान पात्रता करायचं लिहिलंय, मामा. ते म्हणाले, "मग?" मी म्हटलं, मग काय, तुम्ही नोट्स न्या.