खिडकीबाहेरचा कोयता

परवा चोपड्याहून रावेरला चाललो होतो, दुपारची एसटी, भाचा खिडकीशी आणि मी त्याच्या बाजूला. पोरगं बराच वेळ गप्प म्हणजे मोठ्यांना टेन्शन, म्हणून वाकून बघितलं तर साहेबांनी एक डोळा बारीक केलेला, नजर बाहेर, आणि मधूनच हनुवटी झटक्याने वर. विचारायची गरजच नव्हती. पोरगं खांब कापत होतं.

तरी विचारलं, कशाने कापतोय रे? तर म्हणे, "मामा, मनाने. तुला नाही कळणार, पॉवर असते ती." मग अडावद येईपर्यंत मला पॉवर समजावली. नुसतं बघायचं, कुठून कापायचं ती लाईन मनात धरायची, वस्तूचे दोन तुकडे. त्याच्या कार्टूनमधल्या कुणाकडे तरी ही आहे म्हणे. लाकडाला एनर्जी कमी लागते, लोखंडाला जास्त, आणि फार वापरली की डोकं दुखतं.

आमच्या वेळी डोकं दुखत नव्हतं. आमची पॉवर फुकट होती.

आमच्या वेळी म्हणजे ह्याच रस्त्यावर, मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे जाताना. खिडकीतून एक लांबलचक अदृश्य कोयता बाहेर काढायचा आणि बस पळेल तसा तो रस्त्याकडेचं सगळं कापत जायचा, लिंबाची झाडं, विजेचे खांब, मैलाचे दगड, रसवंतीची पाटी. माणूस किंवा म्हैस आली की कोयता वर उचलायचा, देवळाच्या कळसाला पण, ते कुणी शिकवलं नव्हतं पण पाप लागेल हे पक्कं माहीत होतं. उचलायला उशीर झाला तर मनातल्या मनात सॉरी. माय बिचारी माझं ते एका डोळ्याने बघणं बघून घाबरायची, "काय देखी ऱ्हायना रे? उलटी ई ऱ्हायनी का तुले?" आणि पिशवीतलं लिंबू पुढे करायची. आता हिला काय सांगणार.

एकच गोष्ट कधी कापली गेली नाही, सातपुडा. रावेरकडे जाताना डाव्या हाताला तो सोबतच असतो, जवळचे खांब सपासप मागे जातात आणि हा आपला जिथल्या तिथे, कोयता तिथवर पोचतच नाही. बस पळते तशी जवळची वस्तू पटकन मागे सरकते आणि लांबची हळू, हे नंतर शाळेत कळलं, पण तेव्हा मी सातपुड्यावर खार खाऊन होतो.

आणि आत्ता भाच्याकडे बघताना लक्षात आलं की कापलेला खांब कधी पडायचा नाही. माझाही नाही, त्याचाही नाही, मी मुद्दाम विचारलं. पडत बिडत काही नाही म्हणे, कापला की झालं. जरासंधाचं तसंच होतं ना, भीम उभा चिरायचा आणि दोन्ही फाकी परत जुळायच्या, शेवटी कृष्णाने गवताची काडी चिरून दोन बाजूंना उलटसुलट टाकून दाखवली तेव्हा कुठे मेला. आमचे खांब परतीच्या एसटीपर्यंत जुळून उभे असायचे, दुप्पट मजा. ह्यातून काहीतरी मोठं निघेल असं वाटलं होतं, पण तेवढ्यात यावल आलं आणि भेळवाला चढला.

ही पॉवर खरी असते असं वाटायचं कारण मामाची केळी. केळीचं झाड हे झाडच नाही, खोड म्हणजे पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले, आत लाकूड नाही, खरं खोड जमिनीखाली कंदात. त्यामुळे कापणीवाला दादा बोलत बोलत, दुसरीकडेच बघत कोयता फिरवायचा आणि घड खाली, दुसऱ्याच्या खांद्यावर. जोर लावलेला दिसायचाच नाही. एका झाडाला एकच घड, मग ते झाड संपलं, बाजूच्या पिलावर पुढचं पीक, ती पिलबाग. चिकाचा डाग मात्र शर्टावरून जन्मात जात नाही. जळगावच्या केळीला जीआय टॅग २०१६ साली मिळाला, डाग आमच्याकडे आधीपासून आहे.

मोठेपणी एवढं कळलं की मनाने कांदा चिरला तरी डोळ्यात पाणी येणारच, कारण पेशी फुटल्या की ते रसायन सुटतंच, विळी असो की मन. आणि भरिताच्या वांग्याचे तर तुकडे करायचेच नसतात, भाजून ठेचायचं, तिथे पॉवर बेकार. मिटिंगमध्ये कुणी फार वेळ बोलायला लागला की मी अजून माईकची वायर कापतो, हे आपलं आपल्यात.

भेळ संपवून भाचा म्हणाला, "मामा, जमीन कापता येते का?"

म्हटलं येते, पण सरकार बारीक तुकडे करू देत नाही. गंमत नाही, १९४७ चा कायदाच आहे, तुकडेबंदी. आमची वाटणी त्यातूनही बसली. आबा गेल्यावर मोजणीवाले आले, टेप धरली, दगड रोवले, आणि शेत दोन झालं. मातीला साधा चरा नाही, कापूस दोन्हीकडे तसाच उभा. विहीर तेवढी कापता येईना, मग दिवस कापले, एक दिवस मोटर काकांची, एक दिवस आमची, त्यात लाईट रात्रीची असली की पाळी कुणाची यावरून आवाज चढलेले. बापू आणि काका आजही संध्याकाळी एकत्र चहा घेतात, लग्नाकार्यात शेजारी बसतात. फक्त विहिरीचा विषय निघाला की दोघंही कॅलेंडरकडे बघतात.

चालायचंच. विहिरीला पाणी तरी आहे.