आमची वाटचाल, आणि वाहून गेलेल्या 11 प्लाय

आमचं मंडपाचं दुकान लातूरजवळच्या औशाचं. सुरुवातीला दोघं भागीदार होतो. 40 बांबू, 6 कनाती, एक पहार, एक घण आणि उसनी हातगाडी एवढंच भांडवल. पुढं बांबूचे पाईप झाले, पाईपाचं ट्रस, म्हणजे जोडायचा लोखंडी सांगाडा, झालं, भागीदार वेगळा झाला. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली मांडव कोण घालतंय, ते जाऊ द्या. लोक मला एकच विचारतात, ते समुद्रात मंडप घातल्याचं काय झालं होतं ओ? तर एकदाचं सांगूनच टाकतो, कारण आमच्याच गल्लीतला एकजण ते गावभर त्याच्या पद्धतीनं सांगत फिरलाय.

गुरुजी आमचं पहिलं गिऱ्हाईक. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला त्यात दगडमातीची भिंत त्यांच्या कमरेवर पडली, तेव्हापासून व्हीलचेअर. शाळेतली नोकरी त्यांनी खुर्चीवरूनच पूर्ण केली. थोरलीचं लग्न, घराची वास्तुशांत, सगळं आमच्याकडं, आणि बिल तपासायचे लाल पेनानं, शुद्धलेखनासकट. धाकटीचं जमलं रत्नागिरीकडं आणि पोरगी म्हणाली लग्न समुद्रावरच. पाहुणे म्हणाले काही अडचण नाही, गुरुजींना चौघं उचलून नेऊ. गुरुजी म्हणाले, "मला उचलणारे चौघं एकदा लागणारच आहेत, आत्ताच कशाला?"

मग माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणून बसलो.

आता वाळूत साध्या व्हीलचेअरची पुढची बारकी चाकं लगेच रुततात हे कुणालाही कळतं. फुग्यासारख्या जाड टायरच्या बीचवरच्या खुर्च्या मिळतात, पण बहुतेक मागून कुणीतरी ढकलाव्या लागतात, आणि गुरुजींना स्वतःच्या हातानं चाक फिरवत पोरीजवळ जायचं होतं. पत्र्याचा रस्ता सोपा पडला असता, पण ऊन लागलं की पत्रा तापतो, आणि गुरुजींना कमरेखाली काहीच कळत नाही, पाय खाली घसरला तर फोड येईपर्यंत पत्ता नाही लागायचा. म्हणून 18 एमएमची शटरिंग प्लाय, 8 बाय 4 ची, खाली आडव्या पट्ट्या, जोडावर लोखंडी पट्टी, स्क्रू बुडवून मारलेला. कारपेट नाही! कारपेट चाकाखाली गोळा होतं, खुर्ची तिथंच अडते. 24 प्लाय टेम्पोत टाकल्या आणि निघालो, रत्नागिरी-नागपूर रस्ता आमच्या औशावरूनच जातो, चुकायचं काही कारण नव्हतं.

चुकलो पोचल्यावर. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर वाळू ही एवढी रुंद, कडक, पाय उमटत नव्हता. पोरं खूश. मी म्हणलं अरे इथंच तर मस्त बसतंय, आणि पाण्याच्या बाजूला मांडव धरला, प्लाय अंथरल्या, जेवून झोपलो. पुनव होऊन एकच दिवस झालेला. मुहूर्तासाठी तेच पंचांग मी चार वेळा चाळलं होतं, तिथी पाठ होती, वद्य प्रतिपदा, पण त्या तिथीचा समुद्राशी काही संबंध असतो हे औशाच्या माणसाला कोण सांगणार. रात्री एकच्या आत पोरगं ओरडत आलं, मालक, प्लाय तरंगायलेत!

11 गेल्या. दोन खांब आडवे. आवाज ऐकून एक म्हातारे मच्छीमार बॅटरी घेऊन आले, शांतपणे बघितलं आणि म्हणाले तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, भरती किती वाजता भरते ते कळतं. अष्टमीला सहा, प्रतिपदेला पाऊण. आणि पुनवेच्या आसपास उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर. मग त्यांनी वाळलेलं शेवाळ, काड्या, शिंपल्यांची एक आडवी रेघ दाखवली, म्हणाले पाणी इथवर येऊन गेलेलं असतं, माणसानं हिच्या वर राहायचं.

रात्रभर उलटं काम केलं. खुंट्या वाळूत धरत नाहीत, म्हणून सिमेंटची रिकामी पोती वाळूनं भरून तीन फूट खोल पुरली आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. सकाळी 7 प्लाय काठाला सापडल्या, फुगलेल्या. 15 चा सलग रस्ता, 120 फूट, आणि टोकाला दोन जोडून 8 बाय 8 चा चौक, खुर्ची पूर्ण फिरायला. स्टेज काढूनच टाकलं. स्टेज 1 फूट उंच केलं तर 12 फूट उतार लागतो, हिशोब एकास बारा, त्यापेक्षा उभा उतार म्हणजे नुसता देखावा. भाड्याच्या फिरत्या संडासाला तीन पायऱ्या निघाल्या, म्हणून जवळच्या घरातला एक संडास ठरवला आणि फितीनं दार मोजून घेतलं, दाराची रुंदी मोजल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देत जाऊ नका कुणी.

गोरज मुहूर्ताला ओहोटी होती. गुरुजी एकटे आले. मधे एका जोडावर चाक अडलं, मी पुढं झालो तर नुसती मान हलवली, मागं सरकले, जोर लावला, पार. पोरगी रडत होती आणि भटजी थांबले होते.

पण औशात काय पोचलं? रात्रीचा फोटो, पाण्यातला मांडव. आमच्यातल्याच एका पोरानं पाठवला होता, आणि गल्लीतल्या त्यानं तो ग्रुपवर फिरवला, "समुद्रात मंडप". 6 बुकिंग गेली, टेम्पो विकला, बायकोच्या पाटल्या गहाण. वर लगेच 2020 ला लॉकडाऊन, 50 माणसांत लग्नं. पुढं 2022 ला चेन्नईच्या मरिना बीचवर महापालिकेनं अपंगांसाठी लाकडी रॅम्प केला, तोही थोड्याच दिवसांत चक्रीवादळानं मोडला, तेव्हा कुणी हसलं नाही.

गुरुजींचं बिल मात्र लाल पेनानं दुरुस्त होऊन आलं. मी वाहून गेलेल्या 4 प्लाय धरल्याच नव्हत्या, त्यांनी खाली लिहून बेरीज वाढवली, आणि "व्हीलचेअर"ची वेलांटी नीट केली.

मागच्या हंगामात गल्लीतला तो आमच्याकडं आला, दापोलीकडं लग्न आहे म्हणे, आजी वॉकरवर आहेत, प्लाय मिळतील का. दिल्या. पूर्ण डिपॉझिट घेऊन, तिथी विचारून. एक कमीच आली परत.