तीन महिने कशाला लागतात?

"एका डायनिंग टेबलाला तीन महिने? ऑनलाइन मागवलं तर चौथ्या दिवशी दारात येतं ओ." हे मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, मागे तर एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं. टोमणा मारायला विचारणारे थोडे, बहुतेकांना खरंच कळत नाही की लाकूड आहे, मशीन आहे, माणसं आहेत, मग अडतं कुठे. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण दोन वाक्यांत सांगितलं की बहाणा वाटतो.

माझं वर्कशॉप चिपळूणला, बाजारपेठेच्या पलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये. मी, आमचे मेस्त्री आणि हाताखाली दोन पोरं, एक इथलाच, एक राजस्थानातून आलेला. मी आधी पुण्यात मॉड्युलर किचनच्या फॅक्टरीत चार वर्षं होतो, तिथे सगळं बोर्डाचं काम, सकाळी शीट कापली की संध्याकाळी ट्रॉली तयार, त्यामुळे गावी येऊन स्वतःचं सुरू केलं तेव्हा मलाही वाटायचं की हात चालले की काम झालं. एका टेबलाला आमचे हात लागतात ते पंधरा-अठरा दिवस. बाकीचे दिवस लाकडाचे.

लाकडाचे म्हणजे कसं, झाड तोडलं की त्यात पाणी असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण सुकलेलं लाकूडसुद्धा पाणी घ्यायचं-सोडायचं थांबत नाही, शंभर वर्षांचा वासा असला तरी नाही. हवा दमट झाली की फुगतं, कोरडी झाली की आटतं. आजोळच्या घराचं दार पावसाळ्यात फुगून लागायचं नाही आणि दिवाळीनंतर आपोआप नीट बसायचं, ते हेच. लांबीत काही विशेष फरक पडत नाही, जो काय पडतो तो रुंदीत. ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत साधारण अडीच ते साडेपाच टक्के आटतं, ओंडक्यातून फळी कशी काढलीय त्यावर अवलंबून, आणि सागवान तर त्यातल्या त्यात गुणी लाकूड.

आता चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं पुण्याची, जिथे एप्रिलमध्ये ओठ फुटतात. माझ्याकडे मॉइश्चर मीटर आहे, दोन सुया लाकडात टोचायच्या की ओलावा टक्क्यांत दिसतो. ऑगस्टमध्ये शेडमधली जुनी सुकलेली फळीसुद्धा १७-१८ दाखवते, मेमध्ये तीच १२ वर येते, आणि पुण्यात फ्लॅटमध्ये उन्हाळा काढलेलं लाकूड ८-९. म्हणजे मी १४ असताना केलेला तीन फूट रुंदीचा टॉप तिकडे जाऊन ९ वर येईपर्यंत पाच ते नऊ मिलिमीटर आटणार म्हणजे आटणारच, वरून कितीही पॉलिश मारा.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. २०१५ सालची गोष्ट, माझं दुसरंच मोठं काम, पुण्यातल्या एका जोडप्याचं सागवानी टेबल. सप्टेंबरात नेऊन दिलं. टॉप खालच्या फ्रेमला फेविकॉल लावून वर स्क्रूने गच्च आवळलेला, कारण फॅक्टरीत तसंच करायचो आणि बोर्डाला ते चालतं. एप्रिलमध्ये रात्री साडेअकराला फोन, "दादा, टेबलातून फटाका फुटल्यासारखा आवाज आला." जाऊन बघितलं तर टोकापासून दीड हात आत तडा, नख आत जाईल एवढा. लाकडाला आटायचं होतं आणि मी त्याला जागाच ठेवली नव्हती. नवा टॉप करून दिला, पैसे घेतले नाहीत, पण तो तडा झाकायला त्यांनी वर टेबलक्लॉथ घातला होता, घडीच्या रेघासुद्धा गेल्या नव्हत्या इतका नवा, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मेस्त्री तेव्हा माझ्याकडे नव्हते, गुहागरकडे एका जुन्या घराचे वासे बदलायचं काम करत होते. तो फुटलेला टॉप त्यांना दाखवला तर काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मला त्या घरी घेऊन गेले. माजघराचं दार होतं, जाड चौकट आणि मध्ये रुंद फळी. त्यांनी फळीवर अंगठा टेकवला आणि बाजूला ढकललं. "बघ हां. हलते का नाय?" हलली. केसभर, पण हलली. चौकटीचे कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेल्या जिभा, खाचांमध्ये घालून वर लाकडी खुंट्या ठोकलेल्या, ती चौकट मारुतीसारखी घट्ट, आणि मधली फळी खाचेत नुसती सरकवलेली, ना खिळा, ना सरस. "पावसात भरते, चैतात आटते. तू धरून ठेवलीस तर ती फुटेल नाय तर चौकट फोडेल." मी आयुष्यात शेकडो दारं उघडली-लावली असतील पण फळी अशी दाबून बघितली नव्हती. त्याच महिन्यात मी मेस्त्रींना म्हटलं माझ्याकडे या.

बाकीची कारणं पटकन सांगतो. घरोघरी जाऊन माप घ्यावं लागतं कारण कुठलीच भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते, नव्या बिल्डिंगमध्येसुद्धा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही पॉलिश करत नाही, दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं आणि मग सगळं घासून काढावं लागतं. गणपतीच्या आधी दीड महिना चौरंग, पाट, मखराच्या चौकटी ह्याशिवाय दुसरं काही होत नाही, आणि ते मी कधीच बंद करणार नाही, वर्षभराचं भाडं त्यातून सुटतं. विकत घेतलेलं सागवान आम्ही भट्टीत सुकवलेलंच आणतो, भट्टीत ते काही आठवड्यांत सुकतं, तरी इथे आणल्यावर तीन-चार आठवडे नुसतं रचून ठेवतो, मीटर एका आकड्यावर थांबेपर्यंत. तुमच्या तीन महिन्यांतला पहिला महिना तो.

पण तीन महिने म्हणजे काहीच नाही असं एक काम मी केलंय, आणि हा प्रश्न आला की मला तेच आठवतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडकडे किती झाडं गेली ते ज्यांनी बघितलं त्यांनाच माहीत, माड आणि सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या. तिकडच्या एका ताईंचा फोन आला, स्वतः पुण्यात, आई गावी एकटी, परसातला आजोबांच्या हातचा फणस मुळासकट उपटून गोठ्यावर पडलेला. लोक सरपणाच्या भावात मागत होते. "दादा, ह्याचं काही होईल का? आम्ही सगळी भावंडं ह्याच्याखाली वाढलो." मी म्हटलं होईल, टेबल-खुर्च्या होतील, पण कधी ते विचारू नका. त्या म्हणाल्या, "नाही विचारत." आणि पुढची अडीच वर्षं एकदाही विचारलं नाही.

फणस काय कोणीही उचलून नेऊ शकत नाही. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात साग, आंबा, ऐन, किंजळ ह्यांच्याबरोबर फणसही येतो, त्यामुळे पंचनामा, वनखात्याचा वाहतूक पास, हे सगळं होऊन ओंडके सॉ मिलला पोचले तेव्हा ऑक्टोबर उजाडला. चार महिने पावसात पडून बाहेरचं पांढरं लाकूड किडीने पोखरलेलं, हात लावला की पीठ. मला धाकधूक होती. पहिला काप गेला आणि आतला नार, म्हणजे गाभ्याचं पक्कं लाकूड, दिसला, हळदीच्या गाठीसारखा पिवळाधमक, आणि सगळ्या मिलमध्ये गोडसर वास. ताईंच्या आई तिथे ओट्यावर बसून होत्या, त्यांनी भुशाची मूठ भरून रुमालात बांधली.

दीड इंची अकरा फळ्या निघाल्या आणि खुर्च्यांच्या पायांसाठी तीन इंची काही तुकडे. सुकवण्याचा सर्वसाधारण ठोकताळा असा की एक इंच जाडीला एक वर्ष, कोकणात त्याहून जास्तच धरा. फळ्यांची टोकं आधी ऑइलपेंटने बंद केली, कारण टोकातून पाणी फार भराभर जातं आणि तिथूनच चिरा पडतात. मग दर दोन फुटांवर पट्ट्या ठेवून एकावर एक रचल्या, पिळू नयेत म्हणून वर दगड आणि बाहेरून ट्रकवाले वापरतात तसले पट्टे आवळून शेडच्या खांबांना बांधून टाकल्या.

ते पट्टे होते म्हणून वाचलं सगळं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं. त्या दिवशी चिपळूणचं काय झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, माझ्या शेडमध्ये छातीएवढं पाणी होतं आणि ते उतरल्यावर गुडघाभर चिखल. प्लायच्या शीटांचे पापुद्रे सुटले होते, एमडीएफ पाण्यात टाकलेल्या पावासारखं फुगलं होतं, पार्टिकल बोर्डाचा तर हातात चुरा यायचा. दोन मोटरी गेल्या. मेस्त्रींचा जुना रंधा कोपऱ्यात चिखलात सापडला, त्यांनी तो धुतला, पातं काढून तेल लावलं आणि परत खिशातल्या फडक्यात गुंडाळला, मग म्हणाले, चल, फणस बघू. लाकूड तरंगतं, मोकळी रचलेली असती तर थप्पी गेली असती दाभोळच्या खाडीत. सगळ्यात वरची एक फळी गेली, दहा जागेवर.

सगळ्या गावाने तेव्हा मिळेल ते सामान उन्हात काढलं होतं, मीही काढणार होतो, घाबरलो होतो, बँकेचा हप्ता डोळ्यासमोर होता. मेस्त्रींनी काढू दिलं नाही. एकेक फळी धुवायची, सावलीत परत पट्ट्या लावून रचायची, वाऱ्यावर सोडायची. आजूबाजूच्या घरांतली चांगली सागवानी कपाटं, खुर्च्या कडक उन्हाने महिन्याभरात चिरली, सांधे उघडले. आमच्या फळ्या मीटरवर २६ दाखवत होत्या. मी ताईंना फोन करून सांगितलं की परत सुरुवातीपासून. त्या म्हणाल्या, "तुमचं घर ठीक आहे ना? पोरं ठीक आहेत ना?" टेबलाचं नावच नाही.

पैशाचंही सांगतो, कारण तोही ह्या प्रश्नातच आहे. माझे दोन-अडीच लाख कायम असे रचून ठेवलेल्या लाकडात पडलेले असतात, त्यावर व्याज नाही, आणि पुरानंतरच्या वर्षी ते विकून टाकावंसं वाटलं होतं मला. ट्रॉल्या आणि बोर्डाच्या वॉर्डरोबची कामं घेऊन ते वर्ष काढलं. बोर्डाच्या कामाला मी नावं ठेवत नाही, त्याने घर चालवलंय.

२०२२ च्या नोव्हेंबरात फळ्या १२ वर येऊन थांबल्या, तीन आठवडे रोज टोचून बघितलं तरी १२ च. मग मात्र आम्ही अठरा दिवसांत टेबल केलं. रंध्याखालून निघालेला पिवळा रंग प्रकाशात हळूहळू मधासारखा होत जातो, तो बदल ताईंना त्यांच्या घरात बघायला मिळावा म्हणून आम्ही नुसतं तेल लावलं, रंग काही नाही. टॉप फ्रेमला मधोमध पक्का धरला आणि दोन्ही बाजूंना लाकडाचे छोटे ठोकळे, टॉपला स्क्रूने बसवलेले, त्यांची जीभ फ्रेमच्या खाचेत मोकळी, म्हणजे टॉप आटला तर ठोकळा खाचेत सरकणार आणि काही फुटणार नाही. त्या अंगठ्याखाली हललेल्या फळीचंच हे. प्रत्येक ठोकळ्यावर खाचेच्या तोंडाशी मी पेन्सिलने रेघ मारून ठेवली. जानेवारी २०२३ मध्ये टेम्पो कुंभार्ली घाटातून कराडमार्गे पुण्याला गेला.

मेमध्ये मुद्दाम गेलो बघायला. जेवायच्या आधीच टेबलाखाली झोपलो, मोबाईलचा टॉर्च लावला. सगळ्या रेघा खाचेपासून सरकल्या होत्या, प्रत्येक बाजूला दोन-अडीच मिलिमीटर, आणि वरचा टॉप अखंड. ताई पण खाली येऊन झोपल्या बघायला, त्यांना आधी कळेना मी काय दाखवतोय, कळलं तेव्हा तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "आई, हे बघ, एवढा आटला." काकू बराच वेळ बघत राहिल्या, मग मला विचारलं, "आणि खुर्च्या रे कधी?"

"जाडे तुकडे अजून १६ दाखवतायत काकू. १२ वर आले की लगेच घेतो."

"बरं बरं. येऊ देत."

सहा खुर्च्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये गेल्या.